कारखान्याचा ताळेबंद कामगारानेही वाचावा

कारखान्याला टाळे लागते, तेव्हा कामगाराला सर्वांत शेवटी कळते. म्हणून आम्ही म्हणतो, बंधू-भगिनींनो, ताळेबंद वाचायला शिका. नोंदणीकृत शेअर असलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल सर्वांना खुला असतो.

रोकड, वर्षात येणारी येणी, गोदामातला माल ही चालू मालमत्ता. वर्षात फेडायची ती चालू देणी. समजा, मालमत्ता ६० लाख, देणी ४० लाख. ६० ला ४० ने भागा : चालू गुणोत्तर दीड. बरे वाटते! पण त्यात ३५ लाखांचा पडून राहिलेला माल असेल तर? तो वगळून २५ भागिले ४०. म्हणजे रुपयाच्या देण्यामागे साडेबासष्ट पैसे. पगार मालाने नव्हे, रोकडीने होतो. तीन वर्षांचे आकडे ताडा. घसरत असतील तर युनियनच्या सभेत जाब विचारा.