जुन्या पिकअपचं इंजिन कशानं जातं?

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबाद परिसरात कापूस, मोसंबी बाजाराला न्यायची तर पिकअपच लागते. टाटा २०७ असो की २५२३ सीसीची महिंद्रा, जुन्या मॉडेलांचं डिझेल इंजिन दणकट. लोखंडी ब्लॉक, साधी रचना. ते किलोमीटरनं थकत नाही, धुळीनं थकतं. एअर फिल्टरच्या पाइपची क्लिप ढिली राहिली की बारीक माती थेट सिलिंडरमध्ये जाते आणि रिंगा, लायनर घासून काढते. फिल्टर नवा टाकताना ही क्लिप हातानं हलवून बघाच.

दुसरी खोड पाण्याची. बोअरचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की आत थर बसतो. मग मे महिन्यात भरल्या गाडीचं हेड गॅसकेट उडतं. कूलंटचा खर्च त्यापुढे काहीच नाही.

जुनी गाडी घेताना इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढा. तिथून भकाभका धूर आला तर सिलिंडरच्या बोअरचं काम जवळ आलंय. सायलेन्सरचा निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. आणि बघायला सकाळी, इंजिन थंड असतानाच जा. आधीच तापवून ठेवलेली गाडी स्टार्टिंगचा त्रास लपवते.