राहुटीची काठी : सहलीपूर्वींची दुरुस्ती



हिंवाळ्याच्या सुटींत सह्याद्रीच्या एखाद्या पठारावर राहुटी ठोकून दोन रात्री काढण्याची हौस आज शहरांतील पुष्कळ कुटुंबांत दिसून येते. शिधा, पांघरुणें, विजेऱ्या यांची याद निगुतीनें केली जाते; परंतु जिच्या आधारावर सारें छप्पर उभें राहावयाचें, ती काठी मात्र पिशवींतून बाहेर निघते ती डोंगरावर, सूर्य मावळतांना. हरिश्चंद्रगडावर, सुमारें १,४०० मीटर उंचीवर, कोंकणकड्याकडून वारा सुटला असतां काठीनें दगा दिला, तर राहुटी कोसळते. भिजलेल्या मुलांच्या अंगाला लागणारा तो वारा हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हे.

हल्लींच्या राहुटीची काठी जुन्या तंबूच्या खांबाप्रमाणें ताठ नसते. ती धनुष्यासारखी वांकवून ठेवावी लागते. अॅल्युमिनियमच्या किंवा फायबरग्लासच्या पोकळ कांड्यांतून रबरी दोरी ओंवलेली असते, व एका कांड्याचें बारीक टोंक दुसऱ्याच्या तोंडांत बसतें. तें पुरतें न बसलें, कीं सारा ताण पातळ कांठावर येऊन तो चिरतो. म्हणून तपासणी सांध्यांपासूनच सुरू करावी, व तीहि निघण्यापूर्वीं पंधरा दिवस.

प्रथम टोंकाची गांठ सोडून दोरी काढावी व प्रत्येक कांडें उजेडाकडे धरून पाहावें. आंत वाळलेला चिखल असतो. काठी उघड्यावर पडून राहिली असल्यास कुंभारीण माशीनें मातीचें घरहि बांधलेलें असतें. तारेला ओली चिंधी गुंडाळून तें साफ करावें, गोड्या पाण्यानें धुवावें व पूर्ण वाळवावें. अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावरून परतलेल्या काठीला हें धुणें अत्यावश्यक आहे. कारण मिठानें अॅल्युमिनियम गंजून पांढरी भुकटी धरतें आणि सांधे रुततात. ती भुकटी बारीक काचकागदानें हलकेंच घासून काढावी. तेल मात्र घालूं नये. तें धूळ धरून ठेवतें व रबरास फुगवितें.

रुतलेला सांधा पकडीनें ओढूं नये, नळी चेपते. त्याच्या बाहेरच्या नळीवर कढत पाणी ओतावें आणि दोघांनीं दोन्हीं बाजू रबरी फडक्यानें धरून पिळीत ओढावें. ९ मिलिमीटर व्यासाची नळी ६० अंशांनीं तापली, तर तिचा व्यास जेमतेम एक शतांश मिलिमीटर वाढतो. परंतु पुष्कळदां तेवढेंहि पुरतें. दिव्याची ज्योत मात्र कधींहि लावूं नये. चांगल्या काठ्यांच्या मिश्रधातूला सुमारें १२० अंशांवर दीर्घकाळ तापवून बळकटी आणलेली असते. ज्योतीनें ती जाते, आणि वरून कांहींच दिसत नाहीं.

धातूचें कांडें किंचित् वांकलें असेल, तर तें तसेंच राहूं द्यावें. सरळ करूं जातां तें तेथेंच मोडतें. घडी पडली किंवा चीर गेली असेल, तर कांडेंच बदलावें. फायबरग्लास उभा चिरतो व त्याचे तंतू कातडींत शिरतात. म्हणून त्याला हातमोजे घालूनच हात लावावा.

नवी दोरी जुनीच्याच जाडीची घ्यावी. काठी जोडली असतां ती बेतानें ताणलेली राहावी, आणि घडी घातल्यावरहि तिच्यावर अतिरेकी ओढ पडूं नये. पुढें घडी घालतांना मधल्या सांध्यापासून आरंभ करावा, म्हणजे दोरीवरील ओढ दोन्हीं अंगांस सारखी पडते.

इतकें केल्यावरहि वाटेवरील अपघातासाठीं काठीवरून सहज सरकेल अशी एक वीतभर नळी व चिकटपट्टी बरोबर असावी. मोडलेल्या जागीं टोकदार कांठ कानशीनें घासून, नळी मधोमध बसवून, तिचीं दोन्हीं टोंकें पट्टीनें आवळलीं, कीं रात्र निभावते. नळी हरवलीच, तर लोखंडी मेख काठीला बांधूनहि काम भागतें.

शेवटीं राहुटी एकदां गच्चीवर किंवा अंगणांत उभारून, तणावे ताणून, तासभर तशीच राहूं द्यावी. न बसलेला सांधा तेथें उघडकीस आला, तर दुकान जवळ असतें व हातांत दिवस असतो. गडावर या दोहोंपैकीं एकहि मिळत नाहीं.