केसतुडापासून बासुंदीपर्यंत

कुंडलिकेकाठचं नवीन जालना असो की लंडन, साधारण दहांतल्या तिघांच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू मुक्काम ठोकून असतो, आणि बहुधा निरुपद्रवी. कातडीला चीर पडली की मात्र केसतूड, गळू; क्वचित तो रक्तातही उतरतो.

गळवाच्या पुवात द्राक्षघडासारखे हे गोल जंतू स्कॉटिश सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी 1880 मध्ये दाखवून दिले. ग्रॅम रंगाने ते जांभळे दिसतात. 37 अंशांवर रात्रभरात वाढतात, तेही बहुतेक जंतूंना न सोसणाऱ्या खारट माध्यमावर. रक्तद्रवाची गुठळी केली, की ओळख जवळपास पक्की.

मला जास्त धास्ती लग्नाच्या पंगतीची वाटते. आचाऱ्याच्या बोटावर पिकलेली जखम, मे महिन्याची काहिली आणि तासन्‌तास बाहेर राहिलेली बासुंदी! पुन्हा उकळल्यावर जंतू मरतात, त्यांनी सोडलेलं विष टिकतं. एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही.

काही स्टॅफ तर मेथिसिलिनच्या कुळातल्या औषधांनाही दाद देत नाहीत. तेव्हा गळू पिळू नका आणि दुकानातून गोळ्या परस्पर आणू नका. डॉक्टरांनी सांगितलं तर पू तपासून घ्या.