पहिले सहस्र दिवस आणि मुलाचे शिकणे

आमच्या बालरोग विभागात आठ-नऊ वर्षांच्या मुलास घेऊन येणारे पालक पुष्कळदा एकच मागणी करतात : "डॉक्टरसाहेब, याच्या डोक्यात अभ्यास शिरत नाही, बुद्धीचे एखादे टॉनिक लिहून द्या." असे टॉनिक वैद्यकशास्त्राजवळ नाही. मग मूल मागे का पडते, हे देणगीदार व रुग्णांच्या नातेवाइकांपुढे मांडावे, या हेतूने प्रस्तुत टिपण अहवालात समाविष्ट केले आहे.

अशा मुलाचे कान, डोळे व रक्तातील हिमोग्लोबिन प्रथम तपासावे लागते. फळ्यावरील अक्षर न दिसणारे मूल वर्गात 'ढ' ठरते आणि चष्मा लागताच सुधारते, ही उदाहरणे दुर्मीळ नाहीत. परंतु बहुतेक प्रकरणांत कारण बरेच मागे, शाळेच्या पूर्वीच्या काळात सापडते.

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत सुमारे एक हजार दिवस होतात. जन्माच्या वेळी मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या साधारण एक चतुर्थांश असते. दोन वर्षांच्या अखेरीस ते सुमारे तीन चतुर्थांश होते. या काळात आईस रक्तक्षय असेल, बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे जन्मले असेल, वारंवार हगवण होत असेल, तर उंची खुंटते आणि तिच्यासमवेत शिकण्याची क्षमताही. हिशेबाच्या भाषेत ही तूट पुढील वर्षी ओढली जाते. नंतर भरून काढणे फार कठीण.

याच काळावर भर देणारे राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन राज्य शासनाने २००५ साली स्थापन केले. ज्यांचे नाव त्यास दिले, त्या जिजाऊंचे जन्मस्थान आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय. महाराष्ट्रात दोन वर्षांखालील खुरट्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होते. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण पाहणीत ते सुमारे २३ टक्क्यांवर आलेले आढळले. श्रेय एकट्या मिशनचे नव्हे. तरीही सात वर्षांत एवढे घडू शकते, हे महत्त्वाचे. मात्र त्याच पाहणीत सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या शंभरांपैकी जेमतेम सात बालकांनाच पुरेसा व विविध आहार मिळत असल्याचे दिसले.

याचे कारण केवळ दारिद्र्य नाही. घरात ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, मूग असतात. पण सहा महिने पूर्ण झाल्यावरही बाळास वरणाचे वरचे पाणीच पाजले जाते. भाकरी वरणात कुस्करून, वर तेल वा तूप घालून दिली, तर निराळ्या खर्चाची आवश्यकता नाही. खरी अडचण सोयाबीनच्या सोंगणीच्या व कापूस वेचणीच्या दिवसांत येते. आई पहाटेच शेतावर जाते, बाळ थोरल्या बहिणीच्या कडेवर राहते. त्याला दिवसातून चार-पाच वेळा भरवायचे कोणी? आईस उपदेश करून हा प्रश्न सुटत नाही, हे आम्ही स्पष्टपणे नमूद करतो.

अन्नाइतकेच बोलणे व खेळणेही आवश्यक आहे. जमैकाच्या किंग्स्टन शहरात खुरट्या बालकांच्या घरी आरोग्य सेविका दोन वर्षे आठवड्यातून एकदा तासभर जात व घरगुती वस्तूंच्या खेळण्यांनी बाळाशी कसे खेळावे, हे आईस शिकवीत. याचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. सुमारे वीस वर्षांनी हीच मुले, अशी भेट न मिळालेल्या खुरट्या मुलांपेक्षा, सरासरी २५ टक्के अधिक कमावीत होती. केवळ दूध-पूरक आहार मिळालेल्यांत हा दीर्घकालीन लाभ आढळला नाही.

देणगीदारांस यंत्रावर नाव कोरलेले पाहण्याचे समाधान असते, व ते रास्तच आहे. सेविकेच्या एस.टी. भाड्यावर मात्र कोणाचे नाव कोरता येत नाही. तरी त्यासाठीही देणगी द्यावी, ही विनंती. पालकांनी माता व बाल संरक्षण कार्ड प्रत्येक भेटीस सोबत आणावे, आणि वजनाची रेषा सलग दोन महिने वर गेली नसल्यास बाळ हसरे-खेळते दिसत असले तरी त्यास दाखवून घ्यावे.