उडून गेलेल्या पाण्याची भरपाई

एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी ५००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असलेल्या फलटणच्या वाट्याला जेमतेम ५०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस येतो. अशा कोरड्या हवेत एप्रिल-मे महिन्यांत शेततळे जसे झपाट्याने आटते, तसेच घरातील काचेच्या मत्स्यटाकीतील पाणीही उडून जाते. ६० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद अशा टाकीची पातळी दिवसात ५ मिलीमीटरने उतरली, तर त्याचा अर्थ ९०० मिलीलिटर पाणी हवेत गेले असा होतो. पातळी घसरली की फिल्टर हवा ओढू लागतो आणि पंप कोरडा चालून निकामी होण्याचा धोका निर्माण होतो. ही घट आपोआप भरून काढणाऱ्या योजनेला मत्स्यपालनाच्या व्यवहारात ‘ऑटो टॉप-ऑफ’ म्हणतात. ती बसवताना दोन प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावी लागतात: टाकीत कोणते पाणी घालायचे, आणि यंत्रणा बिघडलीच तर जास्तीत जास्त किती पाणी आत जाऊ शकेल.

पहिल्या प्रश्नाचे मूळ बाष्पीभवनाच्या स्वरूपात आहे. वाफ होऊन जाते ते केवळ पाणी; त्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार टाकीतच मागे राहतात, आणि काचेवर पाण्याच्या रेषेलगत जमणारा पांढरा थर हा त्यांचाच पुरावा असतो. नीरा उजव्या कालव्याने भिजणाऱ्या फलटण तालुक्यात घरगुती वापरासाठी विहिरी आणि बोअरवेलचा आधारही घेतला जातो, आणि दख्खनच्या काळ्या खडकातून पाझरलेले हे भूजल बहुधा जड असते. समजा, ५० लिटरच्या टाकीत प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅम क्षारांचे पाणी आहे आणि रोज एक लिटरची तूट त्याच पाण्याने भरली जाते. तर ५० दिवसांत क्षारांचे प्रमाण दुप्पट, म्हणजे प्रतिलिटर १००० मिलिग्रॅम होते. गप्पी आणि मोली हे मासे जड पाणी बरेचसे सहन करतात, परंतु मऊ पाण्यातून आलेल्या निऑन टेट्रासारख्या माशांना ही वाढ बाधते.

म्हणूनच भरपाईसाठी आर.ओ. यंत्राचे शुद्ध पाणी किंवा स्वच्छ छतावरून धरलेले पावसाचे पाणी उत्तम ठरते, आर.ओ. यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र मूळ पाण्याहूनही अधिक क्षारयुक्त असल्याने ते कधीही वापरू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो, त्यामुळे असे पाणी वापरायचेच असेल, तर ते आधी सोडियम थायोसल्फेटने क्लोरीनमुक्त करून घ्यावे लागते. समुद्री माशांच्या टाकीतही भरपाई गोड्या पाण्यानेच करावी लागते, कारण ५० लिटरपैकी ५ लिटर पाणी उडाले, की प्रतिलिटर ३५ ग्रॅम असलेली क्षारता सुमारे ३९ ग्रॅमपर्यंत चढते आणि दर वेळी खारे पाणीच घातल्यास ती मूळ पातळीवर न येता वाढतच जाते.

भरपाईच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. सर्वांत साधी पद्धत कुक्कुटपालनात पिलांना पाणी पाजणाऱ्या उपड्या भांड्यासारखी असते: पाण्याने भरलेली बाटली तोंड पाण्याला टेकेल अशा रीतीने उलटी धरली, तर हवेच्या दाबामुळे पाणी आतच राहते आणि पातळी उतरून तोंड उघडे पडले की हवा आत शिरून तितकेच पाणी खाली येते. दुसऱ्या पद्धतीत उंचावर ठेवलेल्या कॅनमधून येणारी नळी बॉलकॉकला जोडतात; गच्चीवरच्या टाकीत असतो त्याचाच हा छोटा प्रकार असून, वीज नसतानाही तो काम करतो. तिसऱ्या पद्धतीत पातळी ओळखणारा तरंगता स्विच १२ व्होल्टचा छोटा पंप चालू-बंद करतो आणि पंप खाली ठेवलेल्या कॅनमधून पाणी वर चढवतो.

पंपाच्या पद्धतीत सायफनचा धोका असतो; पाण्याने भरलेल्या नळीतून उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे पंपाशिवायही पाणी वाहत राहते, यालाच सायफन म्हणतात. कॅन टाकीपेक्षा उंच असेल, तर पंप बंद झाल्यावरही पाणी उतरत राहते. कॅन खाली असून नळीचे टोक टाकीत बुडलेले असेल, तर उलट टाकीचेच पाणी कॅनमध्ये परत येते. कॅन खाली ठेवून नळीचे टोक पाण्याच्या पातळीच्या वर बांधले, की हे दोन्ही धोके टळतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कॅनच्या आकारात सापडते. तरंगणारा फ्लोट गोगलगाय, शेवाळ किंवा क्षारांच्या थराने अडकू शकतो, आणि तसे झाल्यास पंप थांबत नाही. वरील मापाच्या टाकीत काठाखाली ३ सेंटीमीटर जागा रिकामी ठेवल्यास तेथे ५.४ लिटर पाणी मावते. म्हणून कॅन ५ लिटरचाच ठेवला, तर तो संपूर्ण रिकामा झाला तरी जमिनीवर पाणी सांडत नाही, आणि रोजची तूट ९०० मिलीलिटर धरल्यास तो ५ दिवस पुरतो. यंत्रणा थेट नळाला जोडल्यास मात्र ही मर्यादाच नाहीशी होते, शिवाय क्लोरीनही टाकीत येतो. पंपाच्या पद्धतीत नेहमीच्या स्विचच्या किंचित वर दुसरा सुरक्षा-स्विच बसवला, की संरक्षण आणखी पक्के होते.

महिन्यातून एकदा फ्लोट आणि झडप व्हिनेगरमध्ये भिजवून, स्वच्छ धुऊन पुन्हा बसवावी, तसेच टी.डी.एस. मीटरने टाकीतील क्षार मोजावेत. वारीला किंवा सुट्टीत परगावी जाण्यापूर्वी काही दिवस ही यंत्रणा घरच्यांच्या देखरेखीखाली चालवून पाहणे आवश्यक आहे. माशांची विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून साचणारे नायट्रेट भरपाईने कमी होत नाही, त्यामुळे ठरावीक दिवसांनी टाकीतील काही पाणी काढून नवे भरण्याचे काम टळत नाही. स्वयंचलित भरपाई पातळी राखते. पाण्याची गुणवत्ता राखण्याची जबाबदारी मासे पाळणाऱ्याकडेच राहते.