तर्री न येणारा रस्सा

कपाशीवर फवारायचं औषध पाण्यात ओतलं की पाणी दुधाळ होतं. ते दुधाळपण किती टिकतं हे बघणं माझं पोटापाण्याचं काम. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. रीत ठरलेली आहे: १०० मिलिलिटरचा मोजनळा, ठरावीक क्षार घातलेलं पाणी, तापमान ३० अंश. औषध ओतायचं, नळा उलटसुलट करायचा आणि मग तासभर त्याला हात लावायचा नाही. तासाने वर साय किंवा खाली गाळ २ मिलिलिटरच्या वर गेला की माल नापास.

नापास झाला की सगळे इमल्सिफायरवर घसरतात. मला ते कधी पटलं नाही. त्या तासाभरात नळ्यात दोघांचं काम चालू असतं आणि शिक्षा मात्र एकालाच.

इमल्सिफायर म्हणजे सरफॅक्टंटच. त्याच्या रेणूच्या एका टोकाला पाणी मानवतं, दुसऱ्याला तेल. त्यामुळे तेल आणि पाणी जिथे भेटतात त्या सीमेवर तो ठाण मांडतो. हेक्झेन नावाचा तेलकट द्रव आणि पाणी यांच्या सीमेवर सुमारे ५० मिलिन्यूटन प्रति मीटर एवढा ताण असतो. चांगला सरफॅक्टंट तो दहाच्याही खाली आणतो. ताण उतरला की बारीक थेंब करणं सोपं जातं, आणि थेंबाभोवती बसलेले रेणू शेजारच्या थेंबाला आत घुसू देत नाहीत.

दुसरा गडी गुरुत्वाकर्षण. सावजीच्या रश्श्यावर तर्री चढते ती त्याच्यामुळेच. जड पाणी खाली ओढलं जातं, तेल वर ढकललं जातं. पाण्यापेक्षा दहा टक्के हलक्या तेलाचा, १० मायक्रॉन व्यासाचा थेंब तासाला साधारण २ सेंटीमीटर वर सरकतो. वर गेलेले थेंब एकमेकांना खेटतात, आणि खेटले की एक होण्याची शक्यता वाढते. आता सांगा, साय आली ती सरफॅक्टंट कच्चा म्हणून, की थेंब वर चढून दाटीवाटीने बसले म्हणून? माझ्या नळ्यातून हे कळायला मार्ग नाही.

दोघांना वेगळं करायचं तर एकाला बाहेर काढावं लागतं, आणि गुरुत्वाकर्षण बाजूला पडतं ते अंतराळात. ४०० किलोमीटर उंचीवरच्या अंतराळ स्थानकातही पृथ्वीची ओढ जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक असते. पण स्थानक आणि त्यातलं सगळं सामान एकाच वेगाने पडत राहतं, म्हणून तेल हलकं आणि पाणी जड याला तिथे अर्थ उरत नाही. तर्री येतच नाही. २०२५ मध्ये शुभांशू शुक्लांनी स्थानकात पाण्याचा गोळा अधांतरी ठेवून दाखवला, तो पुष्कळांनी पाहिला असेल. त्याला गोल ठेवणारा पृष्ठताण हाच आमच्या धंद्याचा विषय.

कल्पना चावला ज्या शेवटच्या फेरीत होत्या, त्या एसटीएस-१०७ मध्ये युरोपीय अंतराळ संस्थेचं ‘फास्ट’ नावाचं उपकरण होतं. काम नेमकं हेच: सरफॅक्टंट सीमेवर कसा आणि किती वेगाने बसतो ते मोजणं. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान कोसळलं. पण प्रयोग चालू असतानाच काही आकडे जमिनीवर पोचले होते, आणि त्यांवर पुढे शोधनिबंध निघाले.

मोजमापाची गंमत जरा सांगते.  तेल तंत्रज्ञान मी नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकले. लटकत्या थेंबाची पद्धत आमच्या सगळ्यांच्या हातात बसलेली: सुईच्या टोकाला थेंब लोंबकळू द्यायचा, स्वतःच्या वजनाने तो किती लांबतो यावरून ताण काढायचा. अंतराळात थेंबाला वजनच नाही. तो गरगरीत गोल राहतो आणि ही पद्धत तिथे बाद होते. मग थेंबाच्या आतला दाब मोजतात. १ मिलिमीटर त्रिज्येचा थेंब आणि ५० चा ताण धरला तर आतला जादा दाब १०० पास्कल निघतो, म्हणजे जेमतेम १ सेंटीमीटर पाण्याच्या उंचीएवढा. जमिनीवर पाण्याची पातळी मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली तरी त्यात १० पास्कलचा घोळ होतो. वर तो प्रश्न उरत नाही.

आणि थेंब नुसता ठेवायचा नसतो. तो तालात फुगवायचा, आकसायचा. फुगला की नव्या पृष्ठभागावर जागा मोकळी होते आणि ताण क्षणभर चढतो; रेणू धावत येऊन ती भरतात, ताण पुन्हा उतरतो. ही धाव किती वेगाची, यावर दोन थेंब भिडले की एक होणार की निसटणार ते बरंचसं ठरतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली मोलाची गोष्ट हीच. पुढे स्थानकाच्या कोलंबस प्रयोगशाळेत ‘फासेस’ या प्रयोगात आख्खी इमल्शनंच अभ्यासली गेली.

आपल्याकडे आयआयटी मद्रासला वस्तू मोकळी सोडायचा मनोरा आहे. त्यात अडीच सेकंद भारहीनता मिळते. ज्योतीच्या अभ्यासाला तेवढं चालतं. सरफॅक्टंटला सीमेवर स्थिरस्थावर व्हायला कधी मिनिटं, कधी तास लागतात. त्याला कक्षेतच जावं लागतं.

भारताचं स्वतःचं स्थानक व्हायचं ठरतंय, तेव्हा माझी मागणी आत्ताच नोंदवून ठेवते. असे प्रयोग अतिशुद्ध पाण्यावर करतात, नाहीतर आकड्यांचा मेळ लागत नाही. आमचा शेतकरी फवारणीचा पंप भरतो तो विहिरीच्या नाहीतर बोअरच्या पाण्याने, आणि त्यातलं कॅल्शियम काही इमल्सिफायरांना निकामी करतं. एक कुपी क्षारांच्या पाण्याचीही पाठवा.