“सगळा पगार पाळणाघरातच जातो” हा हिशोब चुकतो कुठे?

“तिचा सगळा पगार पाळणाघरातच जाणार असेल, तर नोकरी हवी कशाला?” बाळंतपणाची रजा संपत आली की हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. बोलणारे शिकलेसवरलेले असतात, मायेनेच बोलतात आणि कागदावर आकडेही मांडून दाखवतात. म्हणून त्या आकड्यांशीच बोलायला हवं.

समजा, तिच्या हातात महिना 25,000 रुपये येतात. पाळणाघराचे 12,000, लोकलचा पास, स्टेशनपर्यंतची रिक्षा, वरकामाच्या मावशींचे वाढीव पैसे असे मिळून 20,000 जातात. उरले 5,000. “एवढ्यासाठी बाळाची आबाळ?” इथे चर्चा संपते.

पहिली चूक या वजाबाकीतच आहे. मूल दोघांचं, मग फी तिच्या एकटीच्या पगारातून का वजा करायची? बापाचा पगार त्या कागदावर लिहिलेलाच नसतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. पाळणाघर लागतं चार-पाच वर्षं, नोकरी चालते तीस. वर्षाला 8 टक्के वाढ धरली, तर 25,000 चे दहा वर्षांनी सुमारे 54,000 होतात. तीच पाच वर्षं घरी राहून पुन्हा 25,000 वर रुजू झाली, तर दहाव्या वर्षाअखेर ती 36,700 च्या आसपास असते. फरक महिन्याला 17,000 चा, वर्षाला दोन लाखांहून जास्त, आणि तो पुढे दरवर्षी वाढतच जातो. खंड पडल्यावर जुनाच पगार मिळेल हेही इथे उदारपणे धरलंय.

पीएफ तर कुणी मोजतच नाही. पीएफसाठी धरलेलं वेतन 15,000 असेल, तर तिचे 1,800 आणि कंपनीचे 1,800 दरमहा जमा होतात. कंपनीच्या हिश्शातले सुमारे 1,250 पेन्शन योजनेत जातात, पण मासिक पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. सातव्या-आठव्या वर्षी नोकरी सोडावीच लागली, तर पेन्शनचे पैसे काढून घेऊ नका, स्कीम सर्टिफिकेट घ्या. पुढे पुन्हा नोकरी धरली तर आधीची वर्षं मोजली जातात.

हे सारं कागदी वाटत असेल, तर अर्थशास्त्राचं 2023 चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांचं काम पाहा. शिकागोच्या एमबीए पदवीधरांचा अभ्यास त्यांनी दोन सहकाऱ्यांसह केला. सुरुवातीला स्त्री-पुरुषांची कमाई जवळपास सारखीच होती. पुढे मोठी दरी पडली. त्यामागे मुख्यतः मुलं झाल्यावर पडलेले खंड आणि कमी केलेले कामाचे तास होते. पदवी तीच, कॉलेज तेच.

बाळाजवळ राहायचंय म्हणून कुणी नोकरी सोडत असेल, तर तो तिचा निर्णय, आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण “परवडत नाही” म्हणून तिला घरी बसवणं ही गणिताची चूक आहे, आणि तिची किंमत ती एकटी भरते.

याच माळेतले आणखी काही समज.

“नोकरी मुलांमुळे सुटते, लग्नामुळे नाही.” जागतिक बँकेच्या 2024 च्या अहवालानुसार दक्षिण आशियात लग्नानंतर, मूल होण्याआधीच, स्त्रियांचा रोजगारातला सहभाग सरासरी 12 टक्के बिंदूंनी घसरतो.

“घरी असते, म्हणजे काही करत नाही.” 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, पुरुष 97.

“रजा संपली की कंपनीची जबाबदारी संपली.” प्रसूती रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. एचआरला लेखी विचारा.

“लग्नात एवढा खर्च केला, आता तिचा वाटा कसला?” हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार झाली. 2020 मध्ये विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यासाठी 2005 मध्ये वडील हयात असण्याचीही गरज नाही. मंडप आणि जेवणावळीवर झालेल्या खर्चाने तो हक्क संपत नाही.